'चिरंजीव' हा आशीर्वाद मानावा की शाप?

अनुस्वार

धाकट्या चुलतभावाच्या लग्नपत्रिकेचा मजकूर तपासण्याचे काम गेल्या आठवड्यात माझ्याकडे आले. नवऱ्या मुलाच्या नावाआधी रिवाजाप्रमाणे 'चि.' होते, आणि आजवर शेकडो पत्रिकांवर वाचलेल्या त्या एका अक्षराचा अर्थ 'दीर्घकाळ, किंबहुना कायम जगणारा' असा आहे, हे त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या डोक्यात शिरले. त्याच संध्याकाळी आमची ९४ वर्षांची आजी, जी गेली दहा वर्षे "वरच्याच्या दप्तरात माझी चिठ्ठी हरवली आहे" असे आल्यागेल्याला सांगत असते, रक्तदाबाची गोळी द्यायला अर्धा तास उशीर झाला म्हणून माझ्यावर चांगलीच रागावली. या दोन गोष्टी एकाच दिवशी घडल्या नसत्या, तर कदाचित मी हा प्रश्न विचारला नसता.

सात चिरंजीवांच्या श्लोकात अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप आणि परशुराम ही नावे एका दमात येतात. त्यांपैकी हनुमंताचे चिरंजीवित्व आपण वर समजतो आणि अश्वत्थाम्याचे शाप. देणगी एकच असेल, तर ती एकाला प्रसाद आणि दुसऱ्याला शिक्षा कशी ठरते? शिवाय आपले आशीर्वाद बहुधा शंभरावर थांबतात. 'शतायुषी हो' असे म्हणतात, 'सहस्रायुषी हो' असे कोणी म्हटलेले मी तरी ऐकलेले नाही. ऐंशी वर्षे आणि सुमारे दहा महिने झाले, म्हणजे हजार पौर्णिमा पाहून झाल्या, की आपण सहस्रचंद्रदर्शन करतो. तो सोहळा भरून पावल्याचा असतो की अजून हवे असल्याचा, हे मला कधीच कळलेले नाही.

माझा प्रश्न असा आहे, की कायमचे जगणे, याच शरीरासह आणि याच पृथ्वीवर, कोणी देऊ केले तर ते घ्यावे का? आत्मा अमर आहेच, हे उत्तर कृपया देऊ नये. ते मला ठाऊक आहे, आणि त्यामुळे आजीची गोळी टळत नाही.

सूक्ष्मदर्शक

मी तीस वर्षे महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवले, त्यामुळे आधी प्रश्नाची फोड करतो. 'कायमचे जगणे' या शब्दांत तीन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या आहेत: म्हातारपण न येणे, रोगाने न मरणे आणि कशानेच मरता न येणे. पहिल्या दोन निदान कल्पनेत तरी विज्ञानाच्या आवाक्यातल्या आहेत. तिसरी फक्त पुराणात भेटते.

वार्धक्य हा सजीवांचा अटळ नियम आहे, असे आपण समजतो, पण ते तितकेसे खरे नाही. हायड्रा हा गोड्या पाण्यातला चिमुकला जीव प्रयोगशाळेत नीट सांभाळला, तर वयाबरोबर त्याच्या मरणाचे प्रमाण वाढताना दिसत नाही. टुरिटॉप्सिस नावाची एक जेलीफिश तर इजा किंवा उपासमार झाल्यास प्रौढावस्थेतून पुन्हा बाल्यावस्थेकडे वळते. माणसाची गोष्ट वेगळी आहे. लेनर्ड हेफ्लिक यांनी १९६१ मध्ये दाखवून दिले, की शरीराबाहेर वाढवलेल्या माणसाच्या साध्या पेशी साधारण ४० ते ६० वेळा विभागतात आणि मग थांबतात. हे थांबणे दोषासारखे वाटते खरे, परंतु जी पेशी थांबायचे विसरते तिलाच आपण कर्करोगाची पेशी म्हणतो. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या हेन्रिएटा लॅक्स या महिलेच्या गाठीतून काढलेल्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत आणि शास्त्रज्ञ त्यांना 'अमर' म्हणतात. त्या बाई मात्र त्याच वर्षी, वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी, त्याच आजाराने गेल्या. वर्गात हा भाग शिकवताना मी दरवर्षी क्षणभर थांबत असे.

आता हिशेबाकडे वळतो. बेंजामिन गोम्पर्ट्झ या इंग्रज विमागणितज्ञाने १८२५ मध्ये मांडले, की प्रौढ वयात मृत्यूची शक्यता ठरावीक काळाने दुप्पट होत जाते. हा काळ सुमारे आठ वर्षांचा येतो. म्हणूनच शंभरी गाठणारे आता पुष्कळ दिसत असले, तरी फ्रान्समधील झान काल्मां या बाईंचा १२२ वर्षे १६४ दिवसांचा उच्चांक १९९७ पासून तसाच आहे, आणि खात्रीशीर नोंद असलेले दुसरे कोणीही १२० लासुद्धा पोहोचलेले नाही. समजा, उद्या औषध निघाले आणि मृत्यूची ही शक्यता तरुणपणाच्या पातळीवर, उदाहरणार्थ वर्षाला हजारात एक अशी, गोठून राहिली. तरीही रस्ता, पूर, साप आणि तुटलेली विजेची तार शिल्लक राहतातच. या हिशेबाने सरासरी आयुष्य हजार वर्षांचे होईल, निम्मी माणसे सुमारे ६९३ वर्षांत संपतील, आणि पाच हजार वर्षे पाहणारी हजारात जेमतेम सात उरतील. म्हणजे म्हातारपण गेले तरी मरण जात नाही. फक्त त्याची वेळ पूर्णपणे बेभरवशाची होते. आज आपण सत्तर-ऐंशी वर्षांच्या अंदाजाने दुचाकी चालवतो, नदीत पोहतो, डोंगर चढतो. ज्याच्याकडे गमावण्यासारखी हजार वर्षे आहेत, तो माणूस घराचा उंबरा तरी ओलांडेल का, याची मला शंका वाटते.

अक्राणी

मी नंदुरबार जिल्ह्यातला असल्यामुळे अश्वत्थामा आमच्यासाठी पोथीतला नाही, शेजारचा आहे. अक्राणी तालुक्यात सातपुड्याच्या अस्तंबा शिखरावर दिवाळीच्या दिवसांत त्याची यात्रा भरते आणि आदिवासी भाविक मोठ्या संख्येने तो डोंगर चढतात. कपाळावरच्या जखमेला लावायला तेल मागणाऱ्या त्या उंच माणसाची गोष्ट नर्मदा परिक्रमा करून आलेल्यांच्या तोंडून मी लहानपणापासून ऐकत आलो.

पुढे सौप्तिकपर्वातला मूळ शाप वाचला, तेव्हा मात्र मी चकित झालो. एक तर त्या शापाला मुदत आहे: तीन हजार वर्षे. 'कायमचा' ही भर परंपरेने घातलेली दिसते. दुसरे म्हणजे, शापाचा दंश वर्षांच्या आकड्यात नाही. अंगाला पू आणि रक्ताची दुर्गंधी येईल, सर्व व्याधी जडतील, निर्जन रानांत भटकावे लागेल आणि कुठेही, कोणाशीही, कधी बोलणे घडणार नाही, असे श्रीकृष्ण सांगतो. पुढचाच तपशील मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्या गर्भावर अश्वत्थाम्याने अस्त्र सोडले, तो परीक्षित जगेल आणि साठ वर्षे राज्य करील, असेही श्रीकृष्ण तिथेच सांगून टाकतो. एकाच प्रसंगी एकाला तीन हजार वर्षे मिळाली आणि दुसऱ्याला साठ, आणि ज्याला तीन हजार मिळाली त्याला ती शिक्षा म्हणून मिळाली. याउलट हनुमंताने स्वतःहून जे मागितले, ते रामकथा पृथ्वीवर चालू असेपर्यंतचे आयुष्य. जिथे चार माणसे जमून कथा चालली आहे तिथे त्याला बसायचे आहे. मला वाटते, अनुस्वार यांच्या प्रश्नाचे उत्तर या दोन शब्दांत आहे: संगत आणि काम.

आपण 'चि.' वरून सुरुवात केली आहे, म्हणून तापीकाठचीच आणखी एक गोष्ट सांगतो, जी तुमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक असेल. योगबळाने काळाला पुन्हा पुन्हा परतवून चौदाशे वर्षे जगलेल्या चांगदेवांनी आळंदीला ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला घेतले आणि ते मायन्यापाशीच अडले. वयाने लहान म्हणून 'चिरंजीव' लिहावे, तर ज्ञानाने मोठे. 'तीर्थरूप' लिहावे, तर वयाने पोर. शेवटी कोराच कागद पाठवला, आणि चौदाशे वर्षे जगूनही हा कोराच राहिला, असे मुक्ताबाई म्हणाली, अशी आख्यायिका आहे. त्या कोऱ्या कागदाला उत्तर म्हणून पासष्ट ओव्या आल्या. ज्याला 'चिरंजीव' लिहावे की नाही अशी अडचण पडली होती, त्याने १२९६ मध्ये, एकविसाव्या वर्षी समाधी घेतली. आणि चौदाशे वर्षांच्या योग्याने गुरू केले ते त्याच्या धाकट्या बहिणीला.

मोडीवाचक

दोन्ही प्रतिसाद आवडले, पण दोन्हींतून 'जे मिळणार नाही ते वाईटच असते' असा सूर मला ऐकू येतो. कोल्ह्याने द्राक्षांबद्दल जे मत दिले, तेच आपण अमरत्वाबद्दल देत असतो, फक्त अधिक विद्वत्तेने. मला कायमचे जगायला मिळाले तर मी ते घेईन, आणि घेताना लाजणारही नाही.

कारण सांगतो. निवृत्तीनंतर मी मोडी शिकलो आणि गेली नऊ वर्षे जुने कागद वाचतो आहे. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, ठेवलेले आहेत, आणि त्यांत कोट्यवधी कागद आहेत. रियासतकार सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतून निवडून ४५ खंड काढले. एवढे प्रचंड काम, आणि तरी त्या साठ्यापुढे ते ओंजळभरच. एखाद्या रुमालात एका खेड्यातल्या विहिरीचा वाद तीन पिढ्या चाललेला असतो, आणि त्याचा निकाल ज्या कागदात असेल, तो दुसऱ्याच कुठल्या रुमालात निघायचा असतो. मी ७१ वर्षांचा आहे. डोळे साथ देतील तोवर किती वाचून होईल, याचा हिशेब मी एकदा केला आणि मग तो हिशेबाचा कागद फाडून टाकला. मला कंटाळा येईल, असे जे सांगतात, त्यांनी माझ्या टेबलाशी एक दिवस येऊन बसावे.

ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७३ मध्ये या बाबतीत एक गाजलेला युक्तिवाद मांडला होता. ज्या इच्छांमुळे आपल्याला जगावेसे वाटते, त्या अनंत काळात केव्हातरी संपतात आणि उरतो तो कंटाळा. आणि इच्छाच बदलत राहिल्या, तर जगतो आहे तो 'मी' उरत नाही, असे त्याचे थोडक्यात सार आहे. पहिल्या भागाचे उत्तर वर दिलेच आहे. दुसऱ्या भागाबद्दल एवढेच म्हणतो, की विशीतला मी आज मला रस्त्यात भेटला, तर आमचे दहा मिनिटेही पटणार नाही. म्हणून तो मेला आणि त्याचे तेरावे करायला हवे होते, असे कोणी समजत नाही. माणूस बदलत जातो आणि पुष्कळसे विसरतो. त्याच विसरण्यामुळे जुनी चीज पुन्हा ऐकताना नवी वाटते.

आणखी एक मुद्दा आहे. १९५१ च्या सुमारास भारतातले सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते, आज ते सत्तरच्या आसपास आहे. त्या काळी मुख्यतः तान्ही मुले मरत होती, म्हणून तो आकडा इतका खाली होता, हे मान्य. परंतु 'मरणामुळेच जगण्याला अर्थ येतो' असे सांगणाऱ्याने, हे वाक्य त्या वेळच्या एखाद्या आईसमोर उच्चारता आले असते का, याचा विचार करावा. ते वाक्य नेहमी दुसऱ्याच्या मरणाबद्दल, आणि तेही पुरेसे जगून झालेल्या माणसाकडून येते. ययातीचे उदाहरण कोणी देण्याआधीच सांगतो: त्याचा दोष जास्त जगण्याचा नव्हता, तर पोटच्या मुलाचे तारुण्य घेऊन जगण्याचा होता.

फेरफार

मी निवृत्त तलाठी आहे. मोडीवाचक यांनी शेवटी जे ओझरते म्हटले, तेच माझ्या दृष्टीने मुख्य आहे.

आमच्या दप्तरात गाव नमुना ६-क हे वारस प्रकरणांचे रजिस्टर असते. खातेदार मयत झाल्याची वर्दी आली, की वारसांची चौकशी होते, फेरफार पडतो आणि सातबाऱ्यावर नवी नावे चढतात. कोणी मेलेच नाही, तर ते रजिस्टर कोरे राहील. जमिनीचे तुकडे थांबतील म्हणून काही जणांना हे बरे वाटेल, कारण १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा जे करू शकला नाही, ते आपोआप होईल. पण मी नोकरीत असे घर वारंवार पाहिले आहे, जिथे बाप ८८ वर्षांचा, सातबारा त्याच्या एकट्याच्या नावावर, आणि ६० वर्षांचा मुलगा पीककर्जासाठी बापाचा अंगठा मागत उभा. तो मुलगा वाईट नव्हता आणि बापही वाईट नव्हता. तरी घरात एक वाक्य कोणीही उच्चारत नसे आणि ते सर्वांना ऐकू येत असे. ही अवस्था पाच-सात वर्षांची असते म्हणून माणसे निभावून नेतात. ती पाचशे वर्षांची करून पाहा.

श्राद्धातही आपण पिता, पितामह आणि प्रपितामह एवढ्याच तीन पिढ्यांची नावे घेतो. नवा माणूस त्या ओळीत आला, की सर्वांत जुना नावानिशी बाहेर पडतो. आमच्या रजिस्टरसारखीच ही व्यवस्था आहे, असे मला नेहमी वाटत आले आहे. मोडीवाचक साहेबांना एवढेच विचारतो, की आपण हजार वर्षे त्या टेबलाशी बसलात, तर मोडी शिकून आलेल्या पुढच्या मुलाने कुठे बसायचे?

मोडीवाचक

रुमाल इतके आहेत, की दुसरे टेबल मांडता येईल. परंतु प्रश्न रास्त आहे, आणि खरे सांगायचे तर माझ्याकडे त्याचे पूर्ण उत्तर नाही. मला हवे आहे, एवढ्यावरून ते सर्वांना मिळावे असे ठरत नाही. आणि फक्त मलाच मिळावे असे म्हणणे तर अगदीच निर्लज्जपणाचे होईल.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे. माझी बरीचशी नोकरी अशा रुग्णांजवळ गेली, ज्यांच्यासाठी उपचार संपले होते आणि फक्त वेदना कमी ठेवणे उरले होते. माझा अनुभव मोडीवाचक आणि अक्राणी या दोघांच्याही मधला आहे. मरायला तयार असलेली माणसे मी पाहिली, पण त्यांतले 'मला पुरे झाले' असे म्हणणारे बहुतेक जण आयुष्याला नव्हे, तर वेदनेला कंटाळलेले होते. दुखणे आटोक्यात आले, की तेच आजोबा दुसऱ्या दिवशी सकाळी चहात साखर कमी पडल्याची तक्रार करत. त्यामुळे अनुस्वार यांच्या आजींच्या गोळीत मला काहीच विसंगती दिसत नाही.

सूक्ष्मदर्शक यांनी केलेल्या फोडीतला तिसरा प्रकार, म्हणजे मरता न येणे, तेवढा मला भीतीदायक वाटतो. विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला अन्न आणि औषध घेणे थांबवले आणि दिवाळीच्या दिवशी, १५ तारखेला, ते गेले. तेव्हा ते ८७ वर्षांचे होते. त्यांचा मार्ग सर्वांसाठी आहे असे मी म्हणणार नाही. माझ्या कामात त्याहून साधी गोष्ट जास्त कामाची ठरते. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात असाध्य अवस्थेतल्या रुग्णाला केवळ यंत्रांच्या आधारे जगवत ठेवू नये, अशी इच्छा आधीच लिहून ठेवण्याचा हक्क मान्य केला. तो हक्क माहीत झाल्यावर रुग्ण लगेच मरणाकडे धावत नाहीत. उलट पुष्कळांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो. दाराची कडी आतल्या बाजूला आहे, एवढे कळले, की माणूस खोलीत शांतपणे बसू शकतो. म्हणून कोणी मला हजार वर्षे दिली तर मी घेईन, दोन हजार दिली तरी घेईन, परंतु कडी बाहेरून लावणार असतील तर एक दिवसही नको.

अक्राणी

रात्रपाळी ताई, अश्वत्थाम्याच्या कपाळावरचा मणी काढून घेतला, तेव्हा नेमके तेच झाले. मणी होता तोवर शस्त्र, व्याधी आणि भूक यांचे त्याला भय नव्हते. मणी गेला, व्याधी आल्या, आणि मरण मात्र दूर ठेवले गेले. वेदना आत आणि कडी बाहेर.

अनुस्वार

सर्वांचे आभार. मी काल आजीलाच विचारले. आधी नीट समजावून सांगितले, की गुडघे दुखणार नाहीत, दिसायला-ऐकायला सगळे ठीक होईल आणि कधीच मरण येणार नाही. पंढरपूरला गाडी काढतो असे म्हटल्यावर ती जे विचारते, तेच तिने लगेच विचारले: "कोण कोण?" मी सांगितले, की फक्त तूच. "मग राहू दे," असे ती म्हणाली आणि रात्रीची गोळी मागितली.

पत्रिकेवरचे 'चि.' मी तसेच ठेवले आहे. काढले असते, तर घरात त्यावरून जो वाद झाला असता, तो मुहूर्तापर्यंत मिटला नसता.

मोडीवाचक

आजींना आपण अर्धाच प्रश्न विचारला आहे. एकटीने राहायचे का, असे विचारल्यावर त्या नाही म्हणणारच; अश्वत्थामासुद्धा नाहीच म्हणाला असता. सगळेच राहणार असतील तर, असे विचारून पाहावे. गेलेल्या आजोबांना त्यात धरायचे की नाही, हेही आधी ठरवून घ्यावे, कारण त्या ते विचारणार.

फेरफार

आणि सगळेच राहणार असतील, तर घर सध्या कोणाच्या नावावर आहे, तेही विचारून घ्यावे.